सातव्या संचातली खुर्ची

टाचणीने सातव्या संचाला शून्य दिलं, आणि शून्य देताना तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट मजा आली.

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, ते तिथेच राहू दे. 'आरसेघर' खेळणारे सगळे तिला टाचणीच म्हणत, कारण ती टोचायची. कुणी घाईघाईत रचलेली खोली चाहत्यांच्या कट्ट्यावर टाकली, की हिची एक ओळ खाली आलीच: 'आरसे छान पुसलेत. आता एखादं कोडंही घाला.' लोक हसत, रचणारा चिडे, आणि आठवड्याभरात निमूटपणे खोली सुधारून आणे. असं वर्षभर चाललं आणि यंदा कट्ट्याने या दहावीतल्या मुलीला थेट परीक्षकच करून टाकलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं दोघातिघांनी लिहिलंसुद्धा. टाचणीने त्या ओळीचा फोटो काढून आईला पाठवला, खाली लिहिलं, 'बघ, मी तिखट झाले!'

आरसेघर समजायला अगदी सोपं. एक बंद खोली. भिंतीतल्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते. खोलीतले आरसे फिरवून फिरवून ती तिरीप दाराच्या कुलपावर पाडायची. कुलूप उघडलं की पुढची खोली. खेळणारा असतो 'पाहुणी'. तिच्याच डोळ्यांनी सगळं दिसतं, त्यामुळे ती स्वतः दिसलीच तर आरशात दिसणार: पिवळा झगा, काखेत छत्री. मूळ खेळातल्या शंभर खोल्या सगळ्यांच्या केव्हाच पाठ झाल्या होत्या. म्हणून चाहते स्वतःच सहा-सहा खोल्यांचे संच रचत आणि वर्षातून एकदा त्यांची स्पर्धा लागे. रचणाऱ्याचं नाव झाकलेलं. परीक्षकांना दिसणार फक्त क्रमांक आणि संचाचं नाव.

परीक्षक तिघे. एक घड्याळकाका. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि अख्ख्या कट्ट्यात त्यांच्याइतका वेगाने कुणी खेळत नसे. दुसऱ्या डॉक्टरमावशी, दातांच्या डॉक्टर, दोन पेशंटच्या मध्ये एक खोली सोडवणाऱ्या. आणि तिसरी आपली टाचणी.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. खेळात 'बस' नावाचं एक बटण होतं. फोन आला, दूध उतू चाललं, की ते दाबायचं. पाहुणी जवळच्या खुर्चीत बसते आणि वेळ मोजायचा थांबतो. परीक्षकांच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना होता: किती वेळा बसलात? कुणी तरी साध्या सोयीसाठी ठेवलेला रकाना, पण या शहाण्यांनी त्याला इभ्रतीचा प्रश्न करून टाकला. घड्याळकाका चार वर्षांत एकदाही बसले नव्हते. डॉक्टरमावशी एकदाच बसल्या होत्या, पेशंटला चक्कर आली म्हणून, आणि ते त्यांना अजून ऐकावं लागत होतं. टाचणीने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं: छत कोसळलं तरी चालेल, पण पाहुणी बसणार नाही.

सातव्या संचाचं नाव होतं 'बसा, घाई काय आहे?' पहिल्या तीन खोल्या झकास. चौथीत मात्र सगळं अडलं. एक मोठं टेबल, त्याला लागून खुर्ची, भिंतींवर पाच आरसे. पाचही आरसे कसेही फिरवा, तिरीप टेबलाखाली जाऊन जमिनीवर पडे आणि कुलपापासून हातभर अलीकडेच राही. टाचणी दोन तास झगडली. घड्याळकाका तीन तास. डॉक्टरमावशींनी तर रागारागाने त्या दिवशी दोन पेशंट पुढे ढकलले. शेवटी तिघांनीही आपापल्या तक्त्यात एकच शेरा मारला: दार उघडत नाही. तिघांचा तोच शेरा म्हणजे संच बाद. टाचणीने खाली आपली खास ओळ जोडली: 'चौथ्या खोलीला दार नाही, दाराचं चित्र आहे. रचणाऱ्याने आधी स्वतः बाहेर पडून दाखवावं.' ओळ इतकी जमली होती, की तिने ती दोनदा मोठ्याने वाचली. मग तक्त्यावर मोहोर लागली. रविवारी संध्याकाळी सहाला निकाल आपोआप उघडणार होता.

रविवारी दुपारी आई घरी आली. आई लिफ्ट दुरुस्त करायची आणि एका इमारतीची लिफ्ट सकाळपासून चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकून बसली होती. आईने दारातच बूट काढले, हातावरचं वंगण तसंच ठेवून टाचणीच्या शेजारच्या खुर्चीत अंग टाकलं आणि पाय लांब केले.

"काय चाललंय परीक्षकबाई?"

"ये, ये! खोली कशी रचू नये ते दाखवते तुला." टाचणीने सातवा संच उघडला; पडद्यावर वर त्याचं नाव ठळक अक्षरांत होतंच. मोहोर लागल्यावरही खेळून बघायला बंदी नव्हती, फक्त प्रत्येक खेळाची नोंद तक्त्याखाली आपोआप होत राही, ज्याची त्यालाच दिसणारी. "ही बघ चौथी खोली. दिसायला राणीचा महाल, पण दार उघडत नाही."

आई बघत राहिली. पाचही आरशांत पिवळ्या झग्यातली पाहुणी उभी होती.

"ही कोण?"

"मी."

"किती वेळ उभी आहे गं?"

"त्या दिवशी? दोन तास."

"अगं, मग बसव की बिचारीला. समोर खुर्ची रिकामी आहे. माझे तर नुसतं बघूनच पाय दुखायला लागले."

"आई, परीक्षक बसत नसतात."

"का? मूळव्याध आहे सगळ्यांना?"

"आई!"

"हे बघ," आई म्हणाली, "मी एवढ्या लिफ्ट उघडल्या. उगाच लावलेला एक स्क्रू मला अजून सापडलेला नाही. हा माणूस नावातच बसा म्हणतोय, वर खुर्ची पुढे करतोय, आणि तुम्ही तिघं खांबासारखे उभे. त्याला काय वाटत असेल?"

टाचणी हसली. आणि मग हसता हसता थांबली.

तिने 'बस' दाबलं.

पाहुणी बसली. नजर दीड हात खाली आली. आणि टेबलाच्या खालच्या अंगाला, लाकडाला बिजागरीने पालथा लावलेला, सहावा आरसा दिसला.

"अगं बाई," टाचणी एवढंच म्हणाली.

खुर्चीतून हात पोचत होता. तिने आरसा जरासा तिरका केला. जमिनीवर पडणारी तिरीप त्याच्यावर आपटली, टेबलाखालून सुळकन निघाली आणि कुलपावर जाऊन बसली. दार उघडलं.

"उघडतंय की," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

टाचणी मागे गेली. पहिल्या खोलीत खुर्ची होती, अगदी दारासमोर, अडखळावं अशी. दुसरीत खुर्ची होती. तिसरीत तर टेबलापासून अर्धी ओढून ठेवलेली, कुणी तरी 'या' म्हटल्यासारखी. रचणाऱ्याने काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. हे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने पाचवी खोली खेळली आणि टाळ्याच वाजवल्या. सहावी खेळली आणि नाक मुरडलं. तिथे एक आरसा उगाचच होता.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तक्त्याखाली नवी नोंद चमकत होती: बसलात, एकदा.

सहाला संच बाद होणार आणि ती खवचट ओळ रचणाऱ्याच्या हातात पडणार. टाचणी गप्प बसली असती तर कुणालाही पत्ता लागला नसता. असा विचार तिच्या मनात आला, हे खरं. पण तो दारातूनच परत गेला, कारण टाचणीला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला होता: एवढं सुंदर कोडं, आणि आपण त्याला चित्र म्हणालो!

अडचण एकच होती. मोहोर लागल्यावर निकाल बदलायचा, तर उरलेल्या दोघांपैकी निदान एकाने तेच दार स्वतः उघडायला हवं. आणि एका परीक्षकाने दुसऱ्याला उत्तर सांगायचं नाही, हा तर कट्ट्याचा सगळ्यात कडक नियम. कुणी आपल्या दोस्ताचा संच पुढे ढकलू नये म्हणून केलेला.

तिने दोघांना व्हिडिओ कॉल लावला.

घड्याळकाका दुकानात होते, कपाळावर भिंग, मागे भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी. डॉक्टरमावशी रिकाम्या दवाखान्यात पेशंटच्याच खुर्चीत आडव्या होत्या.

"बोला टाचणीताई," डॉक्टरमावशी म्हणाल्या, "आज कुणाला टोचायचंय?"

"आपल्याला. सातव्या संचाची चौथी खोली उघडते. मी उघडली. तुम्ही पुन्हा खेळा."

"शक्य नाही," घड्याळकाका म्हणाले. "तीन तास घातलेत मी. पाच आरशांच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत, तेवढ्या सगळ्या केल्या. वहीत लिहिल्यात."

"मला माहितीय काका. तरी पुन्हा खेळा."

"कसं उघडलंस ते सांग."

"ते सांगता येत नाही."

"मग आम्ही काय मंत्र म्हणायचा? पोरी, तुझी आवड मला कळते. पण आवडलं म्हणून दार होत नाही."

टाचणीने घड्याळाकडे बघितलं. पाच पंचवीस. उत्तर सांगायचं नव्हतं. पण तक्ता खरा ठेवायचा, हाही नियमच होता.

"बरं, मला एक दुरुस्ती नोंदवायची आहे," ती ताठ बसून म्हणाली. "माझ्या रकान्यात शून्य आहे. ते खोटं झालंय. आज मी बसले."

मग डॉक्टरमावशी खुर्चीतून पडता पडता वाचल्या, इतक्या हसल्या.

"बसली! काका, ऐकलंत का? नाकावर माशी बसू देत नव्हती, ती स्वतःच बसली!"

"अरेरे," घड्याळकाका म्हणाले. "सहा संच न बसता काढलेस आणि सातव्याला हातपाय गाळलेस? का गं, दूध उतू गेलं?"

"नाही."

"फोन आला?"

"नाही काका. घरात सगळं ठीक होतं. मी आपणहून बसले, आणि पुन्हा बसेन."

डॉक्टरमावशींचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी आपल्या खुर्चीच्या दांड्याकडे पाहिलं. मग वर दिव्याकडे. मग मांडीवरचा लॅपटॉप पुढे ओढला.

"मावशी, तुम्ही काय करताय?" काका म्हणाले.

"गप्प बसा हो जरा."

बटणांचा आवाज. दुकानातली घड्याळं टिकटिक करत होती. टाचणीने ओठ मिटून ठेवले होते, कारण उघडले असते तर उत्तर उडी मारून बाहेर आलं असतं. पाच एकतीस. पाच अडतीस.

"अय्या!" डॉक्टरमावशी ओरडल्या. "अगं, पेशंटला खुर्चीत बसवल्याशिवाय मला एक दात दिसत नाही, आणि मी इथे मात्र... उघडलं! काका, उघडलं!"

एकीने उघडलं म्हणजे काम झालं होतं. संच वाचला होता. घड्याळकाकांनी आता बोट उचलायची गरज नव्हती, आणि चार वर्षांचा कोरा रकाना त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर घेतलं, परत वर सरकवलं.

"माझ्या वहीत पाचच आरसे आहेत," ते कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले.



मग त्यांचा उजवा हात हलला. थोड्या वेळाने दुकानभर घुमेल असा आवाज आला: "अरे लबाडा!" आणि काका इतकं खुलून हसले, की टाचणीने त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं. तिन्ही तक्त्यांखाली आता एकच आकडा होता: एक, एक, एक.

मोहोर उघडली. टाचणीने सातव्या संचाला आठ दिले. दोन कापले ते सहाव्या खोलीतल्या उगाचच्या आरशाबद्दल. चूक झाली म्हणून भरपाईला दहा देणं तिला पटेना. राहिली ती ओळ. तक्त्यात जुन्या शेऱ्यावर रेघ मारता येते, खोडता मात्र येत नाही. रचणाऱ्याला तो रेघेखालूनही वाचता येतो. टाचणीने रेघ मारली. खाली लिहिलं: 'वरची ओळ मी उभ्याने लिहिली होती. दार आहे, आणि सुरेख आहे. सहाव्या खोलीतला डावीकडचा आरसा काढा, तो नुसताच लटकतोय. टाचणी.'

सहाला निकाल लागला. सातवा संच दुसरा आला. नावं उघडली, तेव्हा कळलं, की रचणारी एका कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर बसते. साडेसहाला तिचं उत्तर आलं:

'बावीस वर्षं खिडकीमागे बसून आहे. उभी माणसं टेबलाखाली बघत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तुमच्यापैकी एक तरी बसेल की नाही, एवढीच धाकधूक होती. तुझी वरची ओळ वाचून आधी राग आला, मग हसू आलं. आरशाचं मात्र तुझं खरं आहे, तो मी चुकून ठेवला. पुढच्या वर्षी तूच टोचायला ये.'

टाचणीने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची दोन वाक्यं तर दोनदा.