काम पूर्ण झाल्याचा कोड

खोक्यात होतं ते असं: राउटर एक, त्याचा अडॅप्टर एक, दीड मीटरची पिवळी केबल एक, स्क्रू चार, त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या गट्ट्या तीन आणि सहा भाषांतलं माहितीपत्रक. राउटरवर दिवे पाच. प्लग लावल्यावर पेटला एक, विजेचा. जिन्याजवळच्या डक्टमधून आमच्या घरात यायला हवी होती ती फायबरची बारीक वायर मात्र कुठेच नव्हती.

मंगळवारी दुपारी मी बाबांची औषधं घेऊन घरी आले, तेव्हा हे सगळं टीपॉयवर मांडलेलं होतं. जोडणी आईच्या नावावर, त्यामुळे मेसेज तिच्या फोनवर आला होता: अभिनंदन, आपली जोडणी यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे.

"आई, तू त्याला कोड दिलास?"

"दिला. संध्याकाळपर्यंत वायर टाकतो म्हणाला. सिद्धेश नाव आहे त्याचं, चांगला आहे पोरगा."

"अगं, काम झाल्यावर द्यायचा असतो तो! काम पूर्ण झालं, असा कोड आहे तो."

"वेळेत कोड नाही टाकला तर त्याचा दिवस कापतात गं, मित्रा. चहासुद्धा उभ्यानेच घेतला त्याने."

आई महापालिकेच्या रुग्णालयात आया आहे. तिथे अंगठ्याचं मशीन आहे, दोन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस जातो. दिवस कापतात म्हटलं की तिला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही.

सिद्धेश संध्याकाळी आला नाही. त्याचा फोनही लागला नाही.

मला नोकरी लागली होती, म्हणजे जवळजवळ लागली होती. एका प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांचे मोठाले फोटो तपासून परत पाठवायचे, तेही घरी बसून. मार्चमध्ये बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आई ड्युटीवर असताना त्यांना एकटं ठेवता येत नाही, त्यामुळे एमएस्सी झाल्यापासून आलेल्या दोन नोकऱ्या मी सोडल्या होत्या. ही तिसरी. प्रयोगशाळेची अट स्पष्ट होती: शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत घरच्या जोडणीला लॅपटॉप केबलने लावायचा आणि त्यांच्या पानावर वेग मोजायचा. अपलोड किमान पन्नास. नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार.

बुधवारपासून मी ग्राहक सेवेला फोन करायला लागले. मराठीसाठी तीन दाबल्यावर सरासरी सव्वीस मिनिटं थांबावं लागत होतं. थांबताना एकच धून वाजायची.

"मॅम, मी गंधाली. सिस्टीममध्ये तुमचं कनेक्शन चालू दिसतंय."

"चालू नाहीये. घरात वायरच आलेली नाही."

"ओके मॅम. राउटरवरचा तिसरा दिवा हिरवा आहे का लाल?"

"विझलेला आहे. वायर नाही म्हणून."

"मग एकदा राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करता का?"

"गंधाली, नळाला पाइपच जोडलेला नसेल, तर तोटी किती वेळा फिरवायची?"

ती हळूच म्हणाली, "मॅम, तुम्ही ते केलं असं लिहिल्याशिवाय मला पुढचं पान उघडत नाही."

मी केलं. तिने तक्रार नोंदवली. दहा मिनिटांत मेसेज आला: तपासणीच्या वेळी ग्राहकाने राउटर बंद ठेवल्याने तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तक्रार आली की यंत्रणा स्वतःच राउटरला हाक मारून बघते, आणि वायर नसलेला राउटर कधीच ओ देत नाही. गुरुवारी तसंच झालं. शुक्रवारी सकाळीही.

बाबांना मात्र मजा येत होती. स्पीच थेरपीच्या बाईंनी त्यांना रोज गायला सांगितलंय. ते फोनवरची धून गुणगुणायला लागले होते.

"फुकटची... शिकवणी," ते म्हणाले. "लाव... परत."

शुक्रवारी दुपारी मी वही उघडली. चौदा फोन, सहा तास चार मिनिटं. म्हटलं, तक्रार केली की तपासणी होते, मग तक्रार करायचीच नाही. तपासणीशिवाय माणूस घरी येईल असं दुसरं काय मागता येईल? पंधरावा फोन लावला आणि सांगितलं, "राउटर हॉलमधून आतल्या खोलीत हलवायचाय."

"नक्कीच मॅम. उद्या दुपारी दोन ते चार."

सिद्धेश शनिवारी तीन पन्नासला आला. काखेत हेल्मेट. मला बघून आधी हसला, मग हसू आवरलं.

"ताई, हलवायचंय काय? अजून बसवलाच नाही."

"म्हणूनच बोलावलं. मंगळवारी माझ्या आईला फसवून कोड का घेतलात?"

"फसवलं नाही हो. दिवसाला नऊ कामं असतात. किती बंद झाली ते मोजतात, चालू किती झाली ते कोण विचारत नाय. आणि तुमच्याकडे लावणार कशी? डब्यात जागाच नाय. चला, दाखवतो."

बाबांना सांगून मी त्याच्याबरोबर पाचव्या मजल्यावर उतरले. डक्टचं दार उघडल्यावर आत करड्या रंगाचा डबा होता. आठ खाचा, आठ वायरी. त्याने मोबाइलमध्ये एकेक जोडणी तपासली. सात चालू होत्या. आठव्या वायरीच्या टोकाला राउटर बंद होता.

"पाचशे तीन. कोण राहतं?"

"शिवदासकाका आणि जानकीकाकू. देवगडला गेलेत, घराची कौलं बदलायला. उद्या संध्याकाळी येणार."

"झालं मग. ह्यांची काढतो, तुमची लावतो."

"आणि त्यांचं काय?"

"तक्रार करतील."

"मोठा डबा कधी येणार?"

"मागणी जूनमध्ये टाकलीय."

तेव्हा नोव्हेंबर चालू होता. मला माहीत होतं की सोमवारपासून जानकीकाकूंचा ब्लाउज शिवायचा ऑनलाइन वर्ग सुरू होणार आहे. मोबाइल लावायचा स्टँड त्यांनी मला मुद्दाम दाखवला होता. अकरा बायकांनी नाव घातलं होतं. मी काकांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. काकूंना मेसेज टाकला, एकच खूण उमटली.

"दुसरं काही करता येणार नाही? दोन दिवसांपुरतं?"

"एकदा काढली की परत लावायला मला नवीन काम नोंदवून यावं लागतं. ते त्यांनी नोंदवायचं. कसं, ते तुम्हाला माहितीये." त्याने घड्याळ पाहिलं. "बोला ताई. पाचला मुलुंडला पोचायचंय मला."

चार बावीस झाले होते. जिन्यात कुणी नव्हतं.

"काढा," मी म्हणाले.

त्याने पाचशे तीनची वायर ओढून काढली, टोकाला टोपण लावलं आणि गुंडाळून डब्यामागे खोचली. आमच्यासाठी बावीस मीटर वायर लागली. ती डक्टमधून वर ओढायला मी मदत केली. चार सत्तेचाळीसला राउटर जोडून झाला.

"कोड?" त्याने विचारलं.

"आधी मोजू द्या."

मी लॅपटॉपला पिवळी केबल लावली. प्रयोगशाळेच्या पानाने तीनदा मोजायला लावलं आणि सरासरी काढली.

डाउनलोड ९६.४. अपलोड ९१.८. नोंदीची वेळ ४:५६.