नेद्काआजी इथंच राहते

नेद्काआजी आमच्या गल्लीत राहते हे आपल्याला माहीत नाही असं म्हणणारा माणूस मला आणून दाखवा, मी त्याला दुकानातलं पांढरं चीज फुकट देईन. सकाळी नातीला शाळेसाठी उठवताना तिचा जो आवाज लागतो तो कोबीच्या शेतापलीकडे ऐकू जातो. कुत्री ओळखतात तिला. फक्त इंग्लंडच्या सरकारला ती ठाऊक नव्हती.

झालं असं की इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं, तेव्हा इथं आधीपासून राहणाऱ्या आमच्यासारख्या बल्गेरियनांना सरकारनं सांगितलं, पाच वर्षं सलग राहिल्याचा पुरावा द्या आणि कायमचे राहा. ज्यांची पाच भरली नव्हती त्यांना कच्चा परवाना मिळाला. आजीचा कच्चा होता आणि आता तो पक्का करायची वेळ आली होती. विजेचं बिल, पगाराची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, काहीही चाललं असतं. आजीकडे काहीही नव्हतं. घर जावयाच्या नावावर, वीज जावयाच्या नावावर, फोन मुलीच्या नावावर. बँकेवर तिचा विश्वास नाही. डॉक्टरकडे ती गेली नाही, कारण गुडघा दुखो, घसा बसो नाहीतर मन उदास होवो, तिचं औषध एकच, गावाहून येणारी आलुबुखाऱ्याची दारू. गुडघ्याला चोळायची आणि उरलेली प्यायची.

असले सगळे अर्ज माझ्या दुकानात येतात. मी वकील नाही. माझ्याकडे झेरॉक्सचं मशीन आहे आणि मला इंग्रजी येतं, एवढंच. पण आमच्या बल्गेरियन लोकांना एवढं पुरतं. लोणच्याच्या बरण्या घ्यायला यायचं आणि जाता जाता, "वेत्का, जरा हे भरून दे ना." जरा म्हणजे दोन तास.

तर त्या दिवशी आजी आणि तिचा जावई रुमेन आले. मुलगी इल्का भाजीच्या कारखान्यात पाळीवर होती.

"काहीतरी कर, वेत्का," रुमेन म्हणाला, "नाहीतर सासूबाईंना परत जावं लागेल." चेहरा दुःखी ठेवायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं.

आजी लोणच्याच्या पिंपावर बसली. एरवी ती बसली की आधी माझ्या मिरच्यांना नावं ठेवते. त्या दिवशी तिनं मिरच्यांकडे पाहिलंही नाही.

"गावी आमच्या आळीत आता दोनच धुराड्यांतून धूर निघतो, वेत्के," ती म्हणाली. "एक योर्दाचं, एक पाद्रीबाबांच्या विधवेचं. दोघींनाही अंगणापलीकडे चालवत नाही. मरायला मी भीत नाही. पण तिथं मेले तर माझा कागद कोण लावणार?"

मला तेव्हा फार वाईट वाटलं. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

कागद म्हणजे पुण्यस्मरणाचा कागद. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीत त्याचा फोटो, नाव, दोन ओळी कविता आणि खाली रडणाऱ्यांची नावं छापून दारावर, खांबावर, बसथांब्यावर लावतात. एकदा लावून भागत नाही. चाळीस दिवसांनी लावायचा, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, नऊ महिन्यांनी, मग वर्षानं, दीड वर्षानं, आणि पुढे लावणारा जिवंत असेतो. आमच्या गावांत आता रस्त्यावर माणसं दिसत नाहीत, खांबांवर दिसतात.

आजीचा नवरा त्सोलो वारला आणि मुलीनं तिला इथं आणलं. आजी आली ती त्सोलोच्या चाळीस दिवसांचे कागद पोटाशी धरूनच. पिठाची खळ केली आणि बसथांब्यापासून सुरुवात केली. त्यानंतरचे सगळे कागद माझ्याच मशीनवर निघाले. त्सोलो एकटा असता तर निभलं असतं. पण आजीचा भाऊ आहे, दोन नणंदा आहेत, एक चुलत दीर आहे, आणि सगळे आपापल्या तारखा धरून मेलेले. वर्षातला एकही महिना रिकामा जात नसे.

गल्लीतल्या इंग्रजांना आमची बल्गेरियन अक्षरं वाचता येत नाहीत. शेजारच्या पिंचबेकबाईंनी फोटो पाहिला आणि त्यांची खात्रीच झाली की हा म्हातारा हरवला आहे आणि घरचे बिचारे त्याला शोधताहेत. त्यांच्याकडे मांजर हरवलं की असेच कागद लावतात. एकदा तर त्यांनी नगरपालिकेला फोन करून सांगितलं, तुमचा माणूस मला बाजारात दिसला, बटाटे घेत होता. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्सोलो आणि बटाटे? जन्मात कधी पिशवी उचलली नाही त्यानं."

तर हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि मी टेबलावर थाप मारली. "अरे, नगरपालिकेची पत्रं कुठायत? खांबावर कागद लावले म्हणून तुमच्या घरी दर खेपेला नोटीस येत होती. तारखेसकट, पत्त्यासकट. हाच पुरावा."

आजी उठून उभी राहिली. रुमेन मात्र खाली बसला.

"ती मी फाडली," तो म्हणाला.

"फाडलीस तर फाडलीस. त्यांच्याकडे प्रत असेल."

"तेच तर. त्यांच्याकडे माझी उत्तरंही असतील."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. दंड भरायला नको म्हणून या शहाण्यानं दर नोटिशीला उत्तर लिहिलं होतं, की कागद माझ्या सासूबाईंनी लावले, त्या चार दिवस पाहुण्या आल्या होत्या, त्यांना इथले नियम ठाऊक नाहीत, आणि त्या आता कायमच्या गावी गेल्या आहेत. नगरपालिका ते वाचून प्रकरण मिटवत असे. आमच्या माणसाला कचेरीतून पत्र आलं की खरं सोडून काहीही सुचतं. रक्तातच आहे ते. आमच्या आजोबांनी सरकारी मोजणीपासून डुकरं लपवली, आम्ही सासवा लपवतो.

"म्हणजे मी इथं तुझी पोर वाढवत होते, तुझे मोजे रफू करत होते," आजी सावकाश म्हणाली, "आणि तू दर खेपेला मला विमानात बसवत होतास?"

"दंड वाचत होता, आई."

"जावईबापू, एकदा तरी तिकीट काढायचंत. योर्दाला भेटून आले असते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नगरपालिकेत गेलो. रुमेन येत नव्हता. सरकारशी खोटं बोललो म्हणून आता सगळ्या घरादारालाच हाकलतील असं त्याचं म्हणणं. आजीनं त्याला बाहीला धरून आणला. स्वतः तिनं काळा रुमाल बांधला होता आणि बरोबर लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी घेतली होती. मी म्हटलं, आजी, इथं साहेबाला काही द्यायचं नसतं. तर म्हणाली, "देत नाही गं. नुसती टेबलावर ठेवते."

रस्त्यांचे साहेब टनर्ड म्हणून आहेत. लांबोडका चेहरा, पिवळं जाकीट. खांबावरचे कागद खरवडून काढायचं काम त्यांच्याकडेच. त्यांनी जाडजूड फाईल काढली, बरणीकडे पाहिलं, आणि फाईल चाळायला लागले.

"तुमच्या पत्रांप्रमाणे," ते रुमेनला म्हणाले, "या बाई अकरा वेळा इंग्लंड सोडून गेल्यात. परत मात्र एकदाही आलेल्या नाहीत."

मी हे आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "सांग त्यांना, जावई खोटारडा आहे. मी इथंच होते. सगळे कागद मीच लावले."

"आजी, सगळे म्हणू नकोस. दंड पडेल."

"सगळे म्हण, वेत्के. एकही सोडू नकोस."

मग जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. साहेब एकेक नोंद वाचायचे, बसथांबा, पोस्टाची भिंत, चर्चचं फाटक, आणि आजी दरवेळी मान डोलवून कबूल व्हायची. मध्येच साहेबांना थांबवून म्हणाली, "तळलेल्या माशांच्या दुकानामागे नणंदेचा लावला होता, तो नाही लिहिलेला यांनी. आणि शाळेच्या कुंपणावरचा कुठाय?"

"शाळेच्या कुंपणावर पण लावला होता?" टनर्ड साहेबांचा आवाज जरा दुखावल्यासारखा झाला. "तो मला दिसला नाही."

"दोन होते," आजी म्हणाली. "लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. रुमेननं डोकं हातात धरलं.

मी विचारलं, साहेब, या इथंच राहतात हे तुम्ही ओळखलं नव्हतं का? ते म्हणाले, "बाई, मी यांना खळीची बादली घेऊन कितीदा पाहिलंय. गाडीत बसून राहायचो, यांचं होऊ द्यायचो, आणि त्या गेल्या की खरवडायचो. रंगेहाथ पकडलं असतं तर केवढे अर्ज भरावे लागले असते मला. यांच्या घरून पत्र यायचं की बाई गेल्या. बरं झालं म्हणायचो."

आता सगळं जमल्यासारखं होतं. आणि तेवढ्यात साहेबांनी फाईल बंद करून सांगितलं की टाळेबंदीच्या वर्षाची एकही नोंद नाही. तेव्हा कोणी बाहेर पडत नव्हतं. आजीनं खांबावर काही लावलं नाही आणि साहेबांनी काही खरवडलं नाही. अख्खं वर्ष कोरं. आणि पाच वर्षं सलग लागतात.

"मी घरात लावला होता," आजी म्हणाली. "खिडकीच्या काचेला, आतून. त्सोलोचा. रोज पुसायचे त्याला, बोलायचे त्याच्याशी. दुसरं होतं कोण बोलायला?" आणि तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. रुमेननं खिशातून रुमाल काढला, तोही तिनंच धुतलेला.

मी साहेबांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा फाईल उघडली नाही. कॉम्प्युटरकडे वळले आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मग त्यांचे कान लाल झाले. हसू दाबत होते.

"मिसेस पिंचबेक," ते म्हणाले. "त्या वर्षी जवळजवळ दर आठवड्याला फोन आहे. ऐका. हरवलेला म्हातारा सापडला आहे. तो शेजारच्या नऊ नंबरच्या घराच्या खिडकीत आहे. काळा रुमाल बांधलेली एक बाई त्याला बाहेर सोडत नाही. पुढच्या आठवड्यात, म्हातारा अजून तिथंच आहे, बाई त्याच्याशी भांडत होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात, आज भांडण नाही, बाईनं त्याला पाव दाखवला. हे असं डिसेंबरपर्यंत चाललंय."

मी हे आजीला बल्गेरियनमध्ये सांगता सांगता मलाच हसू आवरेना. आजीनं डोळे पुसले. "भांडणार नाही तर काय करणार," ती म्हणाली. "छप्पर न शाकारता गेला मेला."

टनर्ड साहेबांनी पत्र दिलं. सरकारी शिक्क्यासकट. सदर बाई त्या पत्त्यावर सतत राहत असून या कार्यालयाला त्यांचा सतत उपद्रव आहे, सोबत सर्व नोंदी जोडल्या आहेत. एवढं सुंदर पत्र माझ्या हातून आजवर गेलं नव्हतं. मी ते अर्जाला जोडलं. चटणीची बरणी टेबलावर राहिली आणि ती कोणालाच दिसली नाही.

महिना दीड महिना आजीनं मला सळो की पळो करून सोडलं. रोज दुकानात येऊन विचारायची, मिरच्यांना नावं ठेवायची आणि जायची. मग एका सकाळी फोनवर उत्तर आलं. मंजूर. कायमचं.

"दे," आजीनं हात पुढे केला.

"काय देऊ? ते फोनमध्येच असतं, आजी. कागद देत नाहीत."

"शिक्का?"

"शिक्का नाही, फोटो नाही, काही नाही. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तुझं नाव आहे."

आजीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो परवाना मीच खाल्ला होता. एवढी धडपड करून हातात धरायला काही नाही, हे तिला पटेचना. मलाही पटलं नव्हतं, खरं सांगायचं तर. त्याच आठवड्यात त्सोलोची तारीख होती. तिनं रागारागानं नेहमीपेक्षा जास्त प्रती काढून घेतल्या आणि सगळ्या गल्लीभर लावल्या, पिंचबेकबाईंच्या फाटकावरसुद्धा.

रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला बसलो होतो, तेव्हा दार वाजलं. टनर्ड साहेब. पिवळं जाकीट, हातात एक लिफाफा.

"माफ करा," ते मला म्हणाले. "इतकी वर्षं चालून गेलं. पण या इथं राहतात हे आता मीच सही करून लिहून दिलंय. आता मला दंड करणं भाग आहे."

मी आजीला सांगितलं. तिनं हात ॲप्रनला पुसले आणि लिफाफा दोन्ही हातांनी घेतला. आतला कागद उलगडून माझ्याकडून वाचून घेतला. तिचं नाव, पूर्ण. पत्ता, पूर्ण. खाली सही, आणि सहीवर शिक्का. तिनं तो शिक्का अंगठ्यानं चाचपून पाहिला. मग स्वयंपाकघरात गेली आणि त्सोलोच्या फोटोखाली तो कागद खळ लावून चिकटवला.

साहेबांना बसवून तिनं बीन्सचं सूप वाढलं. रुमेननं लगेच पाकीट काढलं, पैसे मीच भरतो म्हणाला. आजीनं त्याच्या ताटात मोठा पाव ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली.

"जावईबापू," ती म्हणाली, "मी गेले की माझे कागद तुम्ही लावायचे. बसथांब्यापासून सुरुवात करायची. शाळेचं कुंपण विसरायचं नाही."

"लावीन, आई."

"मग नगरपालिकेचं पत्र येईल. तेव्हा मला पुन्हा गावी पाठवू नका. त्यांना लिहा, बाई इथंच राहत होती."