आंबापोळी शिजवणारी काच

बोलतेय ती मी, एक काच. फूटभर लांब, फूटभर रुंद, अंगावर निळसर झाक आणि कोपऱ्यात कंपनीचं सोनेरी स्टिकर. माझ्यात तोंड दिसतं, त्यामुळे भेटणारा प्रत्येक जण आधी आपले केस सारखे करतो आणि मग माझी चौकशी करतो. माणसांची ही खोड मला फार आवडायची. गर्विष्ठ म्हणा हवं तर. होतेच मी तशी.

वाळू, चुनखडी आणि सोडा भट्टीत वितळून आमची लांबच लांब लादी झाली. तिच्या अंगावर धातूचा तलम थर चढला. माझ्या थोरल्या बहिणी ट्रकमधून उंच उंच इमारतींवर गेल्या आणि मी राहिले नमुन्याचा तुकडा. कंपनीचा विक्रेता सुशांत मला मखमली पिशवीत घालून अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत फिरवायचा. जाईल तिथे त्याचं एकच वाक्य, "उजेड आत, उकाडा बाहेर!" ऐकून ऐकून माझाही त्यावर विश्वास बसला.

असाच एकदा मे महिन्यात तो मला जान्हवीच्या टेबलावर ठेवून गेला. जान्हवी परब, आर्किटेक्ट. दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढून तिने नुकतंच स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. ऑफिस म्हणजे विक्रोळीच्या घरातली पुढची खोली. पहिलंच मोठं काम हाती आलं होतं, मालाडला सहा मजली ऑफिसची इमारत. मालक सुबोधसर, जहाजांच्या मालाची वेळापत्रकं सांभाळणारी त्यांची कंपनी.

रस्ता पश्चिमेला, म्हणून इमारतीचं तोंडही पश्चिमेला. जान्हवीने त्या बाजूला जाड भिंत काढली होती. भिंतीमागे जिने, लिफ्ट, सामानाच्या खोल्या. माणसांच्या बसायच्या जागा त्याच्याही मागे, मोठ्या खिडक्या उत्तरेला, आणि खिडक्यांवर रुंद छज्जे. "दुपारचं ऊन जिन्याला लागू दे, माणसांना कशाला?" असं तिचं साधं म्हणणं.

सुबोधसरांनी नकाशा पाहून नाक मुरडलं.

"मॅडम, समोरून हे गोडाऊन दिसतंय. लोक बिल्डिंग बाहेरून बघतात. मला काच पाहिजे, वरपासून खालपर्यंत. शुक्रवारी तसं ड्रॉइंग घेऊन या, नाहीतर मी दुसरं कोणी बघतो."

मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. सहा मजले नुसती मीच मी! मालाडच्या रस्त्यावरून जाणारे हजारो लोक माझ्यात बघून केस सारखे करणार!

जान्हवीचं तोंड मात्र एवढंसं झालं. काम सोडावं तर नव्या ऑफिसचं दार पहिल्याच वर्षी बंद, आणि ऐकावं तर रोज दुपारी शे-दोनशे माणसं भाजून निघणार. दोन दिवस ती निमूटपणे काचेची भिंत काढत बसली. आई जेवायला हाक मारी, ती "आले" म्हणे आणि येत नसे. मला तिच्याबद्दल तेव्हा काडीचंही वाईट वाटलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

तिची आई वनमाला. लेक दिवसभर कॉम्प्युटरवर चित्रं काढते, एवढंच त्या माउलीला ठाऊक. गावाहून आलेल्या पेटीतले जास्त पिकलेले हापूस निवडून तिने आंबापोळी घातली होती. तूप लावलेल्या दोन ताटांत रस पसरून ताटं गच्चीत उन्हात ठेवली, वर मलमलचं फडकं. पण कावळ्यांनी एका ताटावरचं फडकं ओढून नेलं. तेव्हा झाकायला काहीतरी शोधत ती खाली आली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

तिने माझं सोनेरी स्टिकर नखाने खरवडून काढलं, पदराने मला पुसलं आणि नेऊन ताटावर घातलं. माझी केवढी ही विटंबना! कुठे मालाडचे सहा मजले आणि कुठे आंब्याच्या रसावरचं झाकण!

पण खरी फजिती पुढेच होती. बारा वाजले, एक वाजला. निम्मं ऊन मी इमानदारीने परतवत होते, पण उरलेलं आत शिरलं ते शिरलंच. रस तापला. वाफ माझ्या अंगाला लागून थेंब होऊन परत रसात टपकू लागली. मी मनात म्हणत होते, बाई गं, जा बाहेर! पण आत आलेल्या उकाड्याला बाहेर सोडणं मला जमेना. सुशांत खोटं बोलत नव्हता, तो फक्त अर्धंच सांगत होता.

चार वाजता वनमालाने मला उचलायला तळहात लावला आणि ती ओरडली. लेक धावत गच्चीत आली.

"काय झालं गं आई?"

"चटको बसलो! आणि ह्या बघ. सुकवूक ठेवलेली ती शिजली गो! खयची काच हाडलंस ही?"

जान्हवीने दोन्ही ताटांत पाहिलं. फडक्याखालची पोळी छान चकचकीत, कडेने सुटायला आलेली. माझ्याखाली मात्र काळपट, पाणी सुटलेला गोळा. तिने आईचा लाल झालेला तळहात हातात घेतला, त्यावर फुंकर घातली, आणि मग एकदम हसत सुटली.

"आई, तू माझं काम वाचवलंस!"

"माझी पोळी गेली त्येचा काय?" वनमाला म्हणाली. तिने पाखडायचं सूप आणलं आणि चार विटांवर आडवं ठेवून माझ्या डोक्यावर सावली धरली. "ऊन नको तर वर कायतरी धरूक होया. काचेक काय कळता?"

काचेला खरंच काही कळत नव्हतं. सुपाखाली मी हळूहळू निवाले, आणि माझा तोराही.

शुक्रवारी जान्हवीने आपला जुनाच नकाशा घेतला, डब्यात दोन्ही पोळ्यांचे तुकडे घेतले आणि मला घेऊन ती गोरेगावला सुबोधसरांच्या भाड्याच्या ऑफिसात गेली. "मीटिंग पश्चिमेच्या बाजूला घेऊ या का, सर? साडेतीनला?"

तिथे मला माझ्या थोरल्या बहिणी भेटल्या, आणि ओळखूच आल्या नाहीत. कुणाच्या तोंडावर चार्टपेपर चिकटवलेला, कुणाच्या अंगावर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. भर दुपारी दिवे चालू. एसीखाली बसलेली मुलगी शाल पांघरून, आणि खिडकीपाशी कृणाल नावाचा पोरगा खुर्चीला छत्री बांधून काम करतोय.

"हे काय रे?" सुबोधसरांनी विचारलं. त्यांची केबिन उत्तरेला. दुपारचे ते इकडे फिरकतच नसत.

"सर, तीन ते सहा वाट लागते," कृणाल म्हणाला. "मी वर्सोव्याचा कोळी, बोटीवरपण एवढा भाजलो नाय. बसा ना. छत्री राहू दे, लागेल."

सुबोधसर हट्टाने छत्री मिटून बसले. पाच मिनिटांत कॉलर सैल केली, दहाव्या मिनिटाला रुमाल काढला. तेव्हा जान्हवीने डबा उघडला. सर देवगडकडचे. चांगला तुकडा डोळे मिटून खाल्ला. दुसरा तोंडात घातला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही कोणी बिघडवली?"

"तुम्हाला हव्या असलेल्या भिंतीने," जान्हवी म्हणाली आणि मला टेबलावर ठेवलं.

सर माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यात बघूनही केस सारखे केले नाहीत. मग त्यांनी हात वर करून छत्री परत उघडली.

"काढा तो गोडाऊनचा नकाशा बाहेर. पण दिसायला झकास करा हां."

तिने ते केलं. जाड भिंतीपुढे लाल पोकळ विटांची जाळी आली, गच्चीला पांढरा रंग, आणि उत्तरेच्या खिडक्यांत छज्ज्यांखाली माझ्या धाकट्या बहिणी. पंखे फिरतात आणि एसी सव्वीसवर असूनही कुणी कुरकुरत नाही.

दोन वर्षांनी, मे महिन्यातच इमारत सुरू झाली. वनमाला साखरांब्याची बरणी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून मला घेऊन आली. "घे तुझी काच परत."

"ठेव तुझ्याकडेच," जान्हवी म्हणाली.

कृणालच्या हॉलमध्ये चार वाजले होते. त्याची छत्री दाराशी नुसती टांगलेली होती. वनमाला पश्चिमेच्या भिंतीजवळ गेली आणि तिने तोच तळहात भिंतीवर ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.

"गार आसा गो," ती म्हणाली. मग लेकीकडे वळून हळूच विचारलं, "ह्या काम करतंस तू?"

जान्हवीने हसून मान डोलावली.

आता मी विक्रोळीच्या गच्चीत असते. काळ्या पातेल्यावर माझं झाकण घालून वनमाला उन्हातला साखरांबा करते, गॅस अजिबात न जाळता. शिजवणं हाच माझा गुण, तो माणसांवर कशाला वापरायचा? बांधणाऱ्यांनो, मला भिंत करू नका. खिडकी करा, आणि डोक्यावर एखादं सूप धरा, एवढंच मागणं.

चला, ऊन चढलं. कैऱ्या किसून झाल्या आहेत, आणि वनमालाची हाक आली की मला थांबता येत नाही.