दोनशे चौदा वाक्यं

घड्याळजींच्या घरात त्या छोट्या टॅबइतकं लाडकं दुसरं कोणी नव्हतं, आणि घड्याळजी स्वतःला धरूनच हे सांगत. पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि संसारात माणसं दोन. बायकोला सगळी गल्ली चौकशीबाई म्हणायची. तीस वर्षं ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसून माईकवरून गाड्यांच्या वेळा सांगत आली होती. घरी येऊन पुन्हा गल्लीतल्या प्रत्येकाची खबर घ्यायची ती वेगळीच. बोलायचा तिला कधी कंटाळा आला नाही, आणि तिचं ऐकायचा लोकांनाही फारसा नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. घड्याळजींना वाटलं, हा सौदा तर डोळे मिटून करावा. चौकशीबाई मात्र त्या दिवशी जेवली नाही.

ऑपरेशनला आठ दिवस होते. इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या मॅडमनी सुचवलं की रोजच्या बोलण्यातली वाक्यं आत्ताच स्वतःच्या आवाजात भरून ठेवा, पुढे टॅबवरच्या चौकोनावर बोट ठेवलं की तुमचाच आवाज येईल. घड्याळजींची भाची अशा कामात तरबेज. तिने पहिल्यांदा मोठा टॅब आणला. दिसायला झकास, ताटाएवढा. पण तो धरायला दोन हात लागत, आणि दोन्ही हात गुंतवून बोलणारी बाई कोणी पाहिली आहे? चौकशीबाईने तो परत पाठवला आणि छोटा मागवला.

छोटा तळहातात मावायचा. डाव्या हातात धरला की त्याच हाताचा अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोचायचा आणि उजवा हात भाजी हलवायला मोकळा राहायचा. गाऊनच्या खिशात बसायचा. हलका असल्याने पडल्या पडल्या तोंडासमोर धरला तरी मनगट भरून येत नसे. सकाळी भरलेली बॅटरी झोपेपर्यंत पुरायची. कडा गुळगुळीत होत्या, त्यामुळे हातातून निसटायची भीती होती. घड्याळजींनी एक जुना कातडी पट्टा मागच्या बाजूला बसवून दिला आणि त्यात तिची चार बोटं घट्ट राहू लागली. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ते अशा वस्तूंना. जी वस्तू वापरताना हातात आहे हे विसरायला होतं तीच खरी चांगली, असं घड्याळजी मनगटावरच्या घड्याळांबद्दल नेहमी सांगत. टॅबला त्यांनी तोच मान दिला.

आठ दिवसांत चौकशीबाईने दोनशे चौदा वाक्यं भरली. मागच्या खोलीचं दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन. 'चहा ठेवू का?' 'जेवायला या, गार होतंय.' 'चष्मा आधी डोक्यावर शोधा.' 'तुमची दोन मिनिटं म्हणजे किती तास?' आणि एक तर तिने ऑपरेशनच्या आधीच ओळखून भरलेलं: 'हळू बोला, घसा गेलाय, कान नाहीत.' ते वाक्य पुढे इतकं लागलं की त्या चौकोनावरचं कानाचं चित्र अंगठ्याला पाठ झालं. सगळ्यात लाडकं वाक्य होतं 'मी म्हटलं नव्हतं?' ते कुठल्याही भांडणात कुठेही बसायचं.

ऑपरेशननंतर गळ्याला लावून घुर्रघुर्र बोलायचं यंत्रही मिळालं होतं. एक दिवस वापरून तिने ते कपाटात टाकलं. ओठ वाचणं घड्याळजींना जमलं नाही; काट्याएवढ्या चाकाचे दात मोजणारा माणूस, पण ओठांपुढे ठार आंधळा. पाटीवर लिहावं तर लिहीपर्यंत समोरच्याचं लक्ष दुसरीकडे. टॅबमुळे मात्र ती पुन्हा पटकन उत्तर देऊ लागली. माणसाला बोलणं लागतं म्हणजे काय लागतं, तर समोरचा विषय बदलण्याआधी आपलं म्हणणं पोचवता यावं लागतं. दोन वर्षं ते पोचत होतं.

मग टॅब मंद झाला. चौकोनावर बोट ठेवलं की आधी एक सेकंद, मग दोन, मग तीन जाऊ लागले. चिडून म्हटलेलं वाक्य तीन सेकंदांनी आलं की ते चिडकं राहत नाही, नुसतं विचित्र वाटतं. भाजीवाला पुढच्या दारी गेल्यावर मागून आवाज यायचा, 'जास्त सांगताय.' लोक हसले. चौकशीबाई हसली नाही.

"आण इकडे, साफ करून देतो," घड्याळजी म्हणाले.

तिने टॅब छातीशी धरला आणि मान हलवली. मग पाटीवर लिहिलं: रविवारी भाची येतेय.

"रविवारपर्यंत काय मुकी बसणार आहेस?" ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. तिने पाटी पुसली आणि आत गेली. त्यांना मात्र ते लागून राहिलं. चाळीस वर्षांत मागे पडलेलं एकही घड्याळ दुसऱ्याच्या हाती न देणारा माणूस, आणि घरातली बारकीशी वस्तू भाचीसाठी अडून राहते म्हणजे काय?

घड्याळ मागे पडायला लागलं की काय करायचं हे त्यांना वडिलांनी एका वाक्यात शिकवलं होतं: आधी साफ कर, मग डोकं चालव. दहातली नऊ घड्याळं नुसती धूळ काढली की चालतात. दुपारी चौकशीबाई जेवून झोपली. घड्याळजींनी तिच्या उशाजवळचा टॅब उचलला, पुढच्या खोलीत टेबलावर मऊ फडकं पसरलं, त्यावर तो ठेवला आणि सवयीने डोळ्याला भिंगही लावलं. मग स्वतःशीच हसून काढून ठेवलं.

टॅबने फार त्रास दिला नाही. दोनचार ठिकाणी बोट लावल्यावर त्यानेच विचारलं, जागा भरत आली आहे, सफाई करायची का? हा तर आपल्याच घराण्यातला निघाला, असं त्यांना वाटलं. पुढे यादी आली. जुन्या, बरेच दिवस न बदललेल्या, जागा खाणाऱ्या फायली. खाली नुसते आकडे आणि तारखा. तारखा दोन वर्षांपूर्वीच्या. दोन वर्षं कोणी हात न लावलेली वस्तू म्हणजे धूळ नाही तर काय? त्यांनी सगळ्या निवडल्या. टॅबने विचारलं, नक्की? त्यांनी नक्की म्हटलं. काढलेलं सगळं कचरापेटीत गेलं, आणि इथे दुसरा एखादा माणूस थांबला असता. पण घड्याळजींना अर्धं काम कधी करता आलं नाही. काढलेली धूळ टेबलावर ठेवून कोणी घड्याळाचं झाकण लावतं का? त्यांनी कचरापेटीही रिकामी केली. हे कायमचं जाईल, असं टॅबने बजावलं. जाऊ दे की, ते म्हणाले.

टॅब खरंच चालू लागला. पानं अशी सरकू लागली की त्यांना गंमत वाटली. ती उठली की न सांगता हातात द्यायचा आणि तोंड पाहायचं, असं ठरवून त्यांनी खात्रीसाठी चहाचा चौकोन दाबला. चौकोन लगेच उजळला. आवाज आला नाही. त्यांनी कानाचं चित्र दाबलं. मग चष्म्याचं. चित्रं सगळी जागच्या जागी होती, एकही हललं नव्हतं, आणि एकातही काही उरलं नव्हतं.

आवाज बारीक झाला असेल म्हणून त्यांनी तो पूर्ण वाढवला. मग त्यांच्या लक्षात आलं की सफाई झाल्यावर टॅबने एक आकडा दाखवला होता आणि आपण तो शाबासकी म्हणून वाचला होता: दोनशे चौदा फायली काढल्या.

त्यांच्या पाचावर धारण बसली. त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि भाचीला फोन लावला.

"मामा, घाबरू नका, कचरापेटीत असतील," ती म्हणाली.

"तीही रिकामी केली."

"बरं. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, मामीच्या आवाजाची एक प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवा म्हणून? केबलसुद्धा देऊन गेले होते."

तिने सांगितलं होतं. केबल टेबलाच्या खणात होती, पिशवीतून न काढलेली. करू, बघू, रविवारी करू, असं करत दोन वर्षं गेली होती. तीस तीस वर्षांची लोकांची घड्याळं त्याच खणात नावाच्या चिठ्ठ्या लावून सांभाळणाऱ्या माणसाने बायकोचा आवाज मात्र एका ठिकाणी, एकाच ठिकाणी ठेवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर हात पसरून मागून घेतलं होतं.

भाची म्हणाली, ऑफिसात एक जाणकार आहे, त्याला विचारते. घड्याळजींनी तेवढ्यात बसस्थानकावर फोन केला. तिथल्या माणसाने विचारलं, कसलं रेकॉर्डिंग? बाई माईकवर थेट बोलायच्या हो, आम्ही कशाला साठवू? त्यांनी स्वतःचा फोन चाळला. एखादा लेक परदेशी असता तर तिने त्याला फोनवर बोलून निरोप पाठवले असते. पण ही दोघंच होती, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड. तिला काही सांगायचं असलं की ती आतून हाक मारायची. हाक कोण साठवतं?

भाचीचा फोन परत आला. ती "मामा" म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. ते म्हणाले, "कळलं. ठेव."

आत पलंग वाजला. चौकशीबाई उठली होती.

त्यांना पळून जावंसं वाटलं, आणि हे वाटल्याची त्यांना लाज वाटली. ते टॅब घेऊन आत गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "मी साफ केला," ते म्हणाले. "तुझा आवाज धूळ समजून काढून टाकला. परत येणार नाही. विचारलं मी."

तिला आधी कळलं नाही. तिने टॅब घेतला, पट्ट्यात बोटं घातली आणि चहाचा चौकोन दाबला. मग दुसरा. मग एकेक ओळ दाबत ती खालपर्यंत गेली, गाडी चुकलेलं माणूस रिकाम्या फलाटावर इकडून तिकडे जातं तशी.

त्यांना ते बघवेना. तिचा अंगठा परत चहावर आला तेव्हा ते म्हणाले, "चहा ठेवू का?"

तिने वर पाहिलं. चष्मा दाबला. "चष्मा आधी डोक्यावर शोधा," ते म्हणाले. तिने कान दाबला. "हळू बोला, घसा गेलाय, कान नाहीत." सगळी वाक्यं त्यांना पाठ होती. दोन वर्षं तीच तर ऐकली होती. ती दाबत गेली आणि ते तिचं बोलणं आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणत गेले. क्षणभर त्यांना वाटलं, हे चालेल. मी आहे तोवर मी बोलेन हिच्यासाठी. भाजीवाल्याशीसुद्धा मीच भांडेन.

मग तिने लाडका चौकोन दाबला. घड्याळजींना म्हणावं लागलं, "मी म्हटलं नव्हतं?" तिने तो पुन्हा दाबला. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांना रडू फुटलं आणि तिने अंगठा उचलला.

तिने पान सरकवलं. आणखी सरकवलं. सगळ्यात शेवटी एक पान होतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यावर एकच चौकोन, आणि त्यात चित्राऐवजी फोटो: टेबलावर वाकलेली त्यांची स्वतःची पाठ, आतल्या दारातून काढलेली. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

घड्याळजींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"हे काय होतं?" त्यांनी विचारलं. "हे तू मला कधी ऐकवलं नाहीस."

तिने पुन्हा दाबलं. फोटो उजळला, विझला.

"अगं, मला नाही येत हे. सांग ना. लिही." ते धावत जाऊन पाटी घेऊन आले, खडू तिच्या बोटांत दिला. तिने पाटी मांडीवर घेतली. बराच वेळ ती त्या फोटोकडे बघत बसली. कधीतरी, घड्याळजी जायच्या आधी किंवा ती जायच्या आधी, एकदाच ऐकवायचं म्हणून ते ठेवलं असणार, एवढं त्यांनाही कळत होतं. तिचे ओठ एकदा हलले, पण ते वाचणं त्यांना कुठे येत होतं.

मग तिने लिहिलं: राहू दे.

"नको गं, असं नको. दोन शब्दांत लिही हवं तर."

तिने पाटी पुसली, टॅब त्यांच्या हातात ठेवला आणि चहा ठेवायला उठली.

रविवारी भाची आली. यंत्राचा एक गोड आवाज भरून देते म्हणाली, चौकशीबाईने मान हलवली. घरात आता पाटीच चालते. तिने खडू उचलला की घड्याळजी हातातलं काम टाकून तिच्यासमोर येऊन बसतात, शेवटचं अक्षर होईपर्यंत हलत नाहीत. तिला फार काही लिहायचं नसतं.