वायर कोणी काढली, ते मला ठाऊक आहे

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो, आणि सध्या सस्कॅच्वान नावाच्या बर्फाळ प्रांतातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पोट फुटून पडले आहे. गोड कहाणी ऐकायची असेल तर पलीकडच्या सायकलीकडे जा. तिला सगळे चांगलेच भेटले, असं ती तरी सांगते.

शिसं आणि ॲसिड, एवढीच माझी काया. कारखान्यातून निघाले ती थेट ओस्टाप हनात्युक यांच्या मोटरहोममध्ये आले. पलंग, शेगडी, मोरी सगळं पोटात घेऊन धावणारी ती गाडी. इंजिन सुरू करायला दुसरी बॅटरी होती. ती स्वतःला फार शहाणी समजायची. माझ्याकडे घरकाम होतं : दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा. ओस्टाप आणि त्यांची बायको स्टेफा उन्हाळाभर भटकायचे आणि संध्याकाळी माझ्या दिव्याखाली पत्ते खेळायचे. स्टेफाबाई पत्त्यांत सर्रास लबाडी करायच्या. ओस्टापना ते कळायचं, तरी ते मुकाट्याने हरायचे.

हिवाळ्यात गाडी सहा महिने शेडमध्ये उभी. गाडी उभी म्हणजे बॅटरीला सुट्टी, असं तुम्हाला वाटेल. कसली सुट्टी! गॅसगळतीची घंटा, रेडिओचं घड्याळ, असे दोन-चार फुकटे उभ्या गाडीतही माझं रक्त पीतच असतात. भरलेली बॅटरी आमच्याकडच्या थंडीला दाद देत नाही. रिकामी झाली की मात्र आतल्या ॲसिडचं जवळजवळ पाणी होतं, आणि पाणी गोठतं. ओस्टापना हे पक्कं माहीत होतं. दर शरदात ते मला उचलून तळघरात न्यायचे आणि बटाट्यांच्या पोत्याशेजारी लाकडी फळीवर ठेवायचे. सिमेंटची जमीन बॅटरीतली वीज शोषून घेते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. त्यात काही तथ्य नाही. पण माझ्यासाठी कुणीतरी फळी शोधत फिरतंय, याचंच मला बरं वाटायचं.

मग स्टेफाबाई गेल्या. त्यांना त्यांच्या जन्मगावी, चार तासांवरच्या चर्चच्या आवारात पुरलं. तिथे दरवर्षी ईस्टरनंतर पाद्री एकेका थडग्यापाशी प्रार्थना म्हणत फिरतो, आणि घरची माणसं आपापल्या माणसाशेजारी गवतावर जेवायला बसतात. त्या गावात उतरायला जागा नाही. ओस्टाप मोटरहोम घेऊन एकटे जायचे, कुंपणालगत दोन दिवस राहायचे आणि पत्त्यांचे दोन डाव मांडायचे. वर्षभर ते त्याच दोन दिवसांची वाट बघायचे.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांची पाठ धरली. तीस किलोंची मी, मला उचलणं आता जमेना. म्हणून त्यांनी एक छोटा चार्जर आणला आणि शेडमधल्या एकुलत्या एका सॉकेटमध्ये लावला. दर रविवारी चर्चहून आले की ते दार उघडून त्याचा हिरवा दिवा बघायचे आणि घरची खबर मला सांगून जायचे. त्याच शरदात एकदा शेगडीवर तवा विसरला आणि स्वयंपाकघर धुराने भरलं. त्यांच्या मुलीने, लेसियाने, तेव्हाच बजावून ठेवलं होतं की पुन्हा असं काही विसरलात तर गाडीची किल्ली माझ्याकडे.

आमच्या घरचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला असतो; त्याच्या आदल्या संध्याकाळी, सहा तारखेला, लेसिया आणि तिचा नवरा ब्रेंट जेवायला आले. बाहेर उणे अडतीस. अशा थंडीत ट्रकच्या इंजिनातला हीटर विजेला जोडून ठेवला नाही तर सकाळी ट्रक हलत नाही. आत मधातले गहू धरून सणाचे बारा पदार्थ वाट बघत होते. ब्रेंट घाईने शेडमध्ये आला, माझ्या चार्जरची वायर उपटली, खिळ्याला टांगली आणि तिथे आपल्या ट्रकची जोडली. सकाळी ट्रक घेऊन गेला. माझी वायर खिळ्यावरच राहिली. इथवर मी त्याला माफ करते. थंडीत माणसाचं डोकंही गोठतं.

त्याच सणाला लेसियाने वडिलांकडून वचन घेतलं होतं की बर्फ आहे तोवर शेडकडे जायचं नाही, घसरून पडाल, बॅटरीचं ब्रेंट बघेल. ब्रेंट दर शनिवारी बर्फ उपसायला यायचा. बूट काढून घरात जायचा कंटाळा, म्हणून शेडच्या बंद दाराबाहेरूनच फोन करायचा. मला प्रत्येक शब्द ऐकू यायचा.

"हो, हो, आत्ताच बघितला. हिरवा आहे."

दार उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं हो! तो आठ शनिवार हिरवा दिवा बघत राहिला, आणि मी आत थेंब थेंब रिकामी होत गेले. फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझं पोट फुगलं आणि कडेला तडा गेला.

एप्रिलमध्ये तिघं मिळून शेडमध्ये आले. ओस्टापनी आधी मला पाहिलं, मग खिळ्यावरची वायर. लेसिया वडिलांना हळूच म्हणाली, "तातो, तुम्ही वायर लावायलाच विसरलात."

"मी लावली होती गं. आणि ब्रेंट सांगायचा ना दर आठवड्याला, हिरवा आहे म्हणून."

लेसियाने नवऱ्याकडे पाहिलं. ब्रेंटने त्या वायरकडे पाहिलं. त्याला सगळं आठवलं, मित्रांनो, मी त्याचा चेहरा पाहिला आहे. तो हळुवारपणे, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "मी असं कधी म्हणालो, तातो? तुम्हीच मला म्हणालात की लावलेली आहे."

शेडमध्ये खरं बोलू शकणारा तो एकटा होता आणि तोच हे बोलला. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. ओस्टाप बराच वेळ कपाळाला हात लावून आठवत राहिले. मग त्यांनी खिशातली किल्ली काढून लेसियाच्या हातात दिली. ती रडत होती. गाडी विकायचं तिथेच ठरलं. स्टेफाबाईंकडे यंदा जाता आलं तर ब्रेंटच्या ट्रकमधून, तासाभरासाठी.

जाताना ओस्टाप मागे राहिले. माझ्या फुटक्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "माफ कर गं. मी विसरलो असेन."

माझी माफी त्या माणसाने मागितली.

दुसऱ्या दिवशी ब्रेंटनेच मला इथे आणून टाकलं. तेव्हापासून पडल्या पडल्या एकच विचार करते. मित्रांनो, बॅटरीची काळजी कशी घ्यावी, हे चार्जरच्या खोक्यावर छापलेलं असतं. ते तुम्ही वाचालच. मला तुमच्याकडे वेगळं मागायचं आहे. घाईत कधी कुणाची वायर काढलीत, तर त्याच्यासमोर उभं राहून सांगा की मी काढली. माझ्याऐवजी नवी बॅटरी दुकानात मिळते. पण परवा इथे भंगार टाकायला आलेला ब्रेंट सांगत होता, ओस्टाप आता रोज शेगडीपाशी तीन-तीनदा जातात, बंद केली होती का बघायला.