सुकटीची परीक्षा

सर्दी झालेला माणूस खरं बोलत नाही. निदान माझ्याकडे स्कूबा शिकायला येणारा तरी नाहीच. सुट्टी टाकून कर्जतपर्यंत आलेला असतो, मग बाथरूममध्ये जाऊन नाकात स्प्रे मारतो आणि सांगतो, "नाक एकदम मोकळं आहे, सर." पाण्याखाली स्प्रेचा असर उतरला की हवा सायनसमध्ये कोंडते, वर येताना फुगते आणि हा कपाळ धरून कळवळतो.

म्हणून मी कुणाला विचारतच नाही. तलावाशेजारच्या स्वयंपाकघरात पोशीर गावच्या आनंदीबाई सकाळी सुकट भाजतात आणि मी नुसती तोंडं बघतो. स्प्रेने श्वास मोकळा होतो, गेलेला वास परत येत नाही. ज्याला सुकटीचा वास येत नाही, तो पाण्यात उतरत नाही.

आज शिकायला आलेल्या सहाही जणांवर माझी नजर होती. रियाने टॉवेलने नाक दाबलं, बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. तरी संशय जाईना, म्हणून एकेकाला पुन्हा निरखलं. सगळे पास. मी सिलिंडर पाठीला लावायला घेतला.

आनंदीबाई सांडशी घेऊनच बाहेर आल्या.

"तुमी नका उतरू, सर."

"का?"

"सुकट जळून कोळसा झाली. रोज जराशी करपली तरी माज्यावर खेकसता. आज कायच बोलला नाय."

सहाही जण माझ्याकडे बघायला लागले. खिशातला स्प्रे मी मुठीत घट्ट धरला.

"माझं नाक एकदम मोकळं आहे," मी म्हणालो.