झग्याची शेवटची गाठ

काळोखाच्या मालकाला मी एका गाठीवरून हरवलं. हे वाक्य खोडून टाका. असं काही झालेलंच नाही. मालक अजिंक्य आहे आणि त्या दुपारी मी दुकानात काजं करत बसलो होतो.

तर त्या दुपारी मालक दुकानात आला. दार लहान पडलं म्हणून भिंतच अदबीने बाजूला सरकली. मागून त्याचा कारकून आला, दोन्ही हातांवर झगा घेऊन. झगा काळा आणि अस्तर सावल्यांचं. तीन वर्षांत मालकाने उचलून नेलेल्या माणसांच्या सावल्या, एकीला एक जोडलेल्या. डाव्या काखेपाशी माझी ताई होती. डावा खांदा वर, उजवा खाली. वीस वर्षं मशीनवर वाकल्याचा परिणाम. मी तिला गर्दीतही ओळखलं असतं. इथे तर गर्दीच होती.

कारकुनाने कागद वाचला. "झगा पुरा होताच जगात कुणाच्याही तोंडून 'नाही' हा शब्द निघणार नाही. मात्र शेवटची गाठ मर्त्य माणसाने स्वखुशीने मारायची आहे. जबरदस्तीची गाठ टिकत नाही, असा अनुभव आहे."

"किती जणांचा अनुभव?"

"बारा शिंपी झाले. तुम्ही तेरावे."

"गाठ मार," मालक म्हणाला. कपाटातली रिळं घाबरून आपोआप उलगडली. "बहीण परत देतो. होती तशीच. चार वाजता चहा टाकणारी."

हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. तीन वर्षं मी चारच्या ठोक्याला दोन कप मांडतो आणि दोन्ही मीच पितो. पित्त झालंय.

मी सुईत दोरा ओवला, झगा त्याच्या अंगावर चढवला आणि म्हणालो, "हात वर करा." ज्याच्या धाकाने डोंगर खाली बसतात त्याने मुकाट्याने हात वर केले. शिंप्यासमोर सगळे करतात.

शिवत शिवत शेवटच्या टाक्यापाशी आलो. आता आमच्या दुकानाची एक सवय आहे, ताईने लावलेली. गाठ मारण्याआधी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. तोंडातून गेलंच, "कुठे काचतंय का?"

"नाही," मालक म्हणाला.

"काचतंय रे, ठिगळ्या," काखेतून आवाज आला.

मला ठिगळ्या म्हणणारं जगात एकच माणूस.

"ताई, एवढी एक गाठ. मग घरी जाऊ."

"आणि मग मी म्हणेन ते तू 'हो', तू म्हणशील ते मी 'हो'. मी भांडायचं कुणाशी, इस्त्रीशी?"

"मग नको मारू?"

"ते मी सांगणार नाही. शाळेत कुठला सदरा घालू इथपासून सगळं माझ्यावर ढकलत आलायस. हे तुझं तू ठरव."

"मला तू हवीयस."

"ठाऊक आहे, बावळटा."

मालक अजून हात वर करून उभा होता. त्याला ताटकळत ठेवायची हिंमत आधी कुणी केली नसावी.

मी दोरा दातांनी तोडला. ताई नेहमी ओरडायची, कात्री काय शोभेला आहे का म्हणून. या वेळी ओरडली नाही.

"नाही," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

गाठ नसलेली शिवण उसवते तसा झगा उसवत गेला, टाक्यामागून टाका. सावल्या सुटून रस्त्यावर पांगल्या. मालक वर केलेल्या हातांसकट विरून गेला. म्हणजे गेला नाही, ते सुरुवातीला सांगितलंच आहे. ताईची सावली मशीनपाशी टेकली. पायडल दोनदा हललं. मग भिंत सरकली होती तिथून तीही गेली.

चार वाजले. मी दोन कप मांडले.

कारकून तिथेच होता. "नोंदवहीत मालक अजिंक्यच राहतील," तो म्हणाला. "खोडायला त्यांचीच सही लागते. बाकी काही असेल तर अर्ज करा."

केला.

प्रति, सावली विभाग. महोदय, डावा खांदा वर असलेल्या एका सावलीस रोज दुपारी चार ते साडेचार या वेळेत अर्जदाराच्या दुकानी, मशीनच्या डाव्या बाजूस, बसू द्यावे. कपाची सोय अर्जदाराकडे आहे. सावलीसोबत मूळ व्यक्ती उपलब्ध झाल्यास तिला प्राधान्य द्यावे, ही नम्र विनंती.